चाक बसते, पण जुळते का?

धडधड आवाज करीत जाणारी जुनी बुलेट मोटारसायकल तुम्ही कधी ना कधी पाहिली असेलच. १९५५ साली मद्रासमध्ये या गाडीची जुळणी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे तिच्या मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही. अशा एखाद्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाची रिम गंजली, किंवा हब म्हणजे चाकाचा तुंबा झिजला, की मालकाच्या मनात येते, नंतर आलेल्या क्लासिक ३५० या गाडीचे चाक बसवून टाकावे. कारागीर तसे चाक बसवूनही देतात. पण चाक बसणे वेगळे आणि चाक जुळणे वेगळे. जुळण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात.

पहिला प्रश्न : चाक केवढे?

जुन्या बुलेटच्या टायरवर ३.२५-१९ असे आकडे असतात. टायरची रुंदी ३.२५ इंच आणि रिमचा व्यास १९ इंच, असा त्यांचा अर्थ. या जुन्या पद्धतीच्या टायरची उंची साधारणपणे रुंदीइतकीच असते. म्हणून चाकाचा पूर्ण व्यास १९ + ३.२५ + ३.२५ = २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो.

क्लासिकच्या मागच्या टायरवर ११०/९०-१८ असे लिहिलेले आढळते. येथे रुंदी ११० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९९ मिलिमीटर, आणि रिम १८ इंचांची, म्हणजे ४५७ मिलिमीटर. आता बेरीज करा : ४५७ + ९९ + ९९ = ६५५ मिलिमीटर. रिम एक इंचाने लहान, तरी चाक मात्र किंचित मोठेच! फरक जेमतेम एक टक्का. तेव्हा या बाबतीत चिंता नाही.

पण कोणी हौसेने १२०/७०-१७ टायरचे चाक बसवले तर? त्याचा व्यास ६०० मिलिमीटर येतो. एक किलोमीटर जाण्यासाठी मूळ चाक सुमारे ४९१ फेरे घेते, हे चाक ५३१ फेरे घेईल. तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला आठ टक्के जास्त फिरावे लागेल. वेगदर्शकाला मागच्या चाकावरून गती मिळत असेल, तर खरा वेग ताशी ६० किलोमीटर असताना काटा ६५ च्या जवळ जाईल.

दुसरा प्रश्न : चाक सरळ रेषेत आहे का?

साखळी दोन दातेरी चक्रांवरून फिरते. पुढचे चक्र गिअरपेटीला घट्ट बसवलेले असते, ते हलवता येत नाही. म्हणून मागचे चक्र त्याच्याच प्रतलात आणावे लागते. नव्या हबची रुंदी वेगळी असेल, तर आसावर योग्य मापाचे बुश घालून हब सरकवतात. पण हब सरकला की रिमही सरकते आणि चाक गाडीच्या मध्यरेषेवरून ढळते! मग एका बाजूच्या तारा आवळून आणि दुसऱ्या बाजूच्या सैल करून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते. साखळी तिरपी राहिली तर दाते लवकर झिजतात आणि साखळी उतरण्याची भीती असते. शिवाय नवा टायर सुमारे २७ मिलिमीटर जास्त रुंद आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला १४ मिलिमीटर जागा जास्त हवी. नाहीतर तो साखळीला किंवा मडगार्डला घासेल.

मध्यरेषा तपासण्याची युक्ती सोपी आहे. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत ताणून धरायच्या. पुढचा टायर अरुंद असल्याने दोऱ्या त्याला टेकणार नाहीत. पण दोन्हीकडची फट सारखी असली पाहिजे.

तिसरा प्रश्न : ब्रेकचा जोर कोण पेलणार?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो जिवाशी निगडित आहे. ड्रम ब्रेकचे जोडे एका न फिरणाऱ्या ताटलीवर बसवलेले असतात. ब्रेक दाबला की जोडे ड्रमला अडवतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ड्रमही जोड्यांना तेवढ्याच जोराने आपल्याबरोबर ओढतो आणि ताटली फिरू पाहते. तिला सांगाड्याशी अडकवून ठेवणारा आधार असतो, म्हणूनच ती जागेवर राहते.

हा जोर किती असेल? समजा, ब्रेक दाबल्यावर रस्ता टायरवर ६०० न्यूटन बल लावतो. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर धरली, तर बलाचे आघूर्ण १९२ न्यूटन-मीटर होते. आधार आसापासून १२ सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्यावर १६०० न्यूटन बल येईल. म्हणजे जवळजवळ १६० किलोग्रॅम वजन! नव्या हबच्या ताटलीचा आधार जुन्या सांगाड्यावरील जागेशी जुळत नसेल आणि तेथे पातळ पट्टी लावून काम भागवले असेल, तर ऐन वेळी ती तुटते. ताटली चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा दांडा पिळवटतो, आणि ब्रेक नाहीसा होतो किंवा चाक एकदम जाम होते. हळू चालवून पाहताना हा दोष कळत नाही, कारण तेव्हा ब्रेकवर जोर येतच नाही.

एक प्रयोग

मोटारसायकल नसली तरी सायकल आहेच. मागच्या टायरवर आणि त्याखालील जमिनीवर खडूने खूण करा. चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल ढकला आणि अंतर मोजा. मग मित्राला सायकलवर बसवून हेच पुन्हा करा. या वेळी अंतर किंचित कमी भरेल, कारण भाराने टायर दबतो. टायरवरच्या आकड्यांवरून परीघ काढा आणि तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा. मित्र बसला असताना हवा थोडी कमी केली, तर अंतर वाढेल की घटेल? आधी अंदाज करा, मग मोजून पाहा.