गाडीच्या पाट्यांचे रबरी बुश बदलताना



कांदा, भाजीपाला, खताची पोती घेऊन आपली जीप किंवा पिकअप रोज खड्ड्यांतून जाते. मग एक दिवस मागून खटखट ऐकू येऊ लागते. आपण म्हणतो, "पाटा बोलतोय, बोलू दे." पण पुष्कळदा पाटा बोलत नसतो, त्याच्या टोकातला रबरी बुश झिजलेला असतो. वस्तू लहान, पण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पिन झिजते, पाट्याचे भोक मोठे होते, आणि भरलेली गाडी वळणावर मागून डुलू लागते.

बुशचे काम काय?

मागच्या कमानपाट्याचे पुढचे टोक चॅसिसला पक्के जोडलेले असते. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या जोडावर असते. पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकाला 'डोळा' म्हणतात. डोळा आणि पिन यांच्या मध्ये रबरी बुश बसतो. लोखंडाला लोखंड घासू नये आणि धक्का मुरावा, हे त्याचे काम.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बैलगाडीचे चाक आसावर फिरते, म्हणून त्याला वंगण लागते. रबरी बुश मात्र पिनेवर फिरत नाही. तो पिनेला आणि डोळ्याला घट्ट धरून बसतो आणि रबर आतल्या आत पिळ खाते. म्हणून त्याला तेल-ग्रीस लावू नये. तेलाने रबर फुगते व मऊ पडते. काही गाड्यांना आणि ट्रॉल्यांना धातूचे बुश असतात, तिथे ग्रीस भरायचे निपल दिसते. निपल असेल तर ग्रीस भरा; रबर असेल तर नको.

तपासावे कसे?

गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. शॅकल आणि पाट्याच्या मध्ये टायरची टॉमी घालून हलकेच रेटा. टोक खडखड हलले, रबर फाटून बाहेर आलेले दिसले किंवा शॅकल तिरका बसलेला दिसला, तर बुश संपला. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरीने दोन्ही बाजू मोजा. फरक आढळला तर पुढच्या टोकाचे बुश, यू-बोल्ट आणि पाट्याचा मधला बोल्टही तपासून घ्या.

काम कसे करावे?

१. आदल्या दिवशी नटाचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून थोडे रॉकेल किंवा डिझेल सोडा.

२. पुढच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाके उचलली की तो गाडी धरत नाही.

३. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग गाडी उचलून चॅसिसच्या दोन्ही बाजूंखाली मजबूत लोखंडी स्टँड ठेवा. विटा रचू नका, त्या फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, अगदी दोन मिनिटांसाठीही.

४. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावा. तो थोडा वर-खाली केला की पिनेवरचा ताण जातो. मग नट आणि शॅकलची पट्टी काढा. पिन लाकडाचा तुकडा ठेवून ठोका, म्हणजे आटे खराब होणार नाहीत.

५. जुना रबर काढा. डोळ्यातला गंज पॉलिश पेपरने साफ करा. पाट्याला चीर नाही ना, ते पाहा. पिनेवर नख फिरवा. खाच लागली तर पिनही बदला.

६. जुना बुश दुकानात दाखवून त्याच मापाचा नवा आणा. साबणाच्या पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. पट्टी लावा, लॉक नट नवे वापरा, पण सध्या ते हलकेच आवळा.

शेवटचा आवळ जमिनीवर

बरेच जण चुकतात ते इथेच. गाडी अधांतरी असताना नट घट्ट केले, तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की पाटा सरळ होतो, शॅकल फिरतो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. जुनी चादर पिळून तशीच खुंटीला बांधून ठेवली तर किती टिकेल? तसेच या रबराचे होते. नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

म्हणून स्टँड काढा, गाडी चाकांवर उभी करा, मागून दाबून चार-पाच वेळा हलवा, आणि मगच नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळा. पहिली खेप मारून आल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहा. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदललेले बरे.

घरी काय करू नये?

लोखंडी कवचाचे बुश प्रेसने दाबून बसवावे लागतात. हातोड्याने ठोकले तर कवच चेपते. ते काम गॅरेजमध्येच करून घ्या. ज्या गाडीला गोल गुंडाळीची स्प्रिंग आहे, तिचा खालचा हात घरी सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते.

बाकी पाट्याच्या शॅकलचे काम मात्र दोघा जणांनी, दिवसाउजेडी आणि सावकाश केले तर अंगणात होण्यासारखे आहे. हंगाम सुरू होण्याआधी एकदा गाडीखाली डोकावून पाहा. माल भरल्यावर वाटेत अडकण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.