विरळणी झाली, पुढे काय?

लेखांक ७

एकाच जातीची झाडं दाटीने लावलेल्या रानात कीटकांचे प्रकार का घटतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता पुढचा प्रश्न : त्यातली काही झाडं काढली, तर ते कीटक परत येतात का?

झाडं अशी निवडून काढण्याला वनखात्यात विरळणी म्हणतात. सागाची रोपं मुद्दाम जवळजवळ लावतात, म्हणजे खोडं सरळ वाढतात. काही वर्षांनी रोगट, वाकडी झाडं काढून उरलेल्यांना जागा देतात. यात हिशेब लाकडाचा असतो, पण झाडांखालचं जगही त्याबरोबर बदलतं.

फांद्या एकमेकींत गुंतल्या की जमिनीला ऊन मिळत नाही आणि गवत, झुडपं, वेली मागे पडतात. फुलं नाहीत, म्हणून मधमाश्या नाहीत. कोवळा पाला नाही, म्हणून अळ्या नाहीत. फुलपाखरांच्या अळ्या तर खाण्याबाबत फार काटेकोर असतात. कॉमन पियरोला बोर लागते, प्लेन टायगरला रुई, तर पिवळ्या-पांढऱ्या इमिग्रंटना तरवड-बहाव्याच्या कुळातली झाडं. झाडोरा विरळ झाला, ऊन खाली पोचलं आणि या वनस्पती उगवल्या, तरच ही फुलपाखरं तिथे अंडी घालतील.

जपानमध्ये सुगी या सूचिपर्णी वृक्षाच्या लागवडीत याचा अभ्यास झाला आहे. विरळणीनंतर जमिनीलगतच्या वनस्पती वाढल्या, त्यांच्यामागोमाग मधमाश्या आणि लांब मिशांचे भुंगेरेही वाढले. मात्र काही वर्षांत हा परिणाम ओसरू लागला. शिवाय ऊन सगळ्यांनाच मानवत नाही. ओलसर पाचोळ्यात राहणाऱ्या कीटकांना दाट सावलीच हवी असते.

सातारा-सांगलीत हा विषय गिरिपुष्पापाशी येऊन थांबतो. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड फांदी खोचली तरी रुजतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, मातीला नत्र मिळतं. उघड्या डोंगरउतारांवर झटपट हिरवाई हवी होती, तेव्हा ते सोयीचं वाटलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला गुलाबी फुलोरा येतो आणि त्यावर भुंगे घोंगावतात. पण तो बहर सरल्यावर त्यांनी खायचं काय? महाबळेश्वरच्या पट्ट्यात मध मिळतो तो जांभूळ, हिरडा, कारवी अशी वेगवेगळ्या वेळी फुलणारी झाडंझुडपं असल्यामुळे. मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, त्यामागे हीच विविधता आहे.

म्हणूनच गिरिपुष्प नुसतं तोडून भागत नाही. बुंध्याला जोमाने फुटवे येतात आणि रान लवकरच पुन्हा दाटतं. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी, रानमोडी घुसतात त्या वेगळ्याच. फुटवे काढत राहणं, तण उपटणं आणि बोर, करवंद, खैर, बेल अशा स्थानिक रोपांना हात देणं, ही विरळणीनंतरची काही वर्षांची कामं आहेत. सगळा उतार एकदम मोकळा करू नये. तुकड्यातुकड्याने विरळणी केली, तर सावलीतल्या कीटकांनाही आसरा उरतो. तोडलेलं सगळं लाकूडही उचलून नेऊ नये. कुजणाऱ्या ओंडक्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, वाळव्या आणि मुंग्या वसतात, आणि सुतारपक्षी त्यांच्यावर जगतो.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर हे माणसांच्या कष्टातून उभं राहिलेलं रान. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते वाढलं आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. उघड्या टेकड्यांवर झाडं जगवणं हे त्या पिढीचं काम होतं, आणि ते तिने निष्ठेने केलं. जगलेल्या झाडांखाली काय काय जगतं, हे पाहणं आपल्या पिढीकडे आलं आहे. लागवडीच्या नोंदीत जगलेल्या रोपांची टक्केवारी लिहितात. तिच्याशेजारी पावसाळ्यानंतर दिसलेल्या फुलपाखरांच्या आणि माश्यांच्या जातीही लिहाव्यात. त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. वनरक्षक आणि जवळच्या महाविद्यालयातले विद्यार्थी ठरलेल्या वाटेने दर महिन्याला चालले, तरी ही नोंद उभी राहील, आणि पुढची विरळणी कुठे व किती करायची, हे त्या नोंदीवरून ठरवता येईल.

(पुढील लेखांकात : माण-खटावचे माळ. मुळात गवताळ असलेल्या जमिनीवर झाडं लावली, तर टोळ आणि शेणकिडे कुठे जातात?)