चिकटपट्टीचा तुकडा आणि अप्रमाद

विमान अपघात म्हटला की वादळ, आग किंवा घातपात आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु विमान वाहतुकीचा इतिहास चाळला असता, कित्येक भीषण अपघातांचे मूळ क्षुल्लक भासणाऱ्या विस्मरणात होते असे दिसते. अशाच एका विस्मरणाची हकिगत आम्ही या स्मरणिकेत मांडीत आहोत. कारण तिच्यातून मिळणारा बोध केवळ वैमानिकांपुरता नाही.

2 ऑक्टोबर 1996 रोजी मध्यरात्रीनंतर एरोपेरू कंपनीचे बोइंग 757 विमान पेरूची राजधानी लिमा येथून चिलीतील सँटियागोकडे झेपावले. उड्डाण होताच उंचीमापक व वेगमापक चुकीचे आकडे दाखवू लागले. वेग मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा एकीकडे, तर वेग घटून विमान कोसळण्याच्या बेतात असल्याचा इशारा दुसरीकडे, असे दोन्ही एकाच वेळी वाजू लागले. खाली काळाकुट्ट समुद्र होता. सुमारे अर्ध्या तासाने विमान प्रशांत महासागरात कोसळले आणि आतील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले.

कारण काय होते? विमानाच्या अंगावर स्टॅटिक पोर्ट नावाची लहान छिद्रे असतात. बाहेरील हवेचा दाब त्यांतून उपकरणांपर्यंत पोहोचतो. विमान वर जाते तसा हा दाब कमी होतो; त्यावरून उंची समजते. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि हा स्थिर दाब यांतील फरकावरून वेग समजतो. विमान धुताना व घासताना या छिद्रांत पाणी जाऊ नये म्हणून ती झाकतात. त्या रात्री ती चंदेरी चिकटपट्टीने झाकली होती आणि काम संपल्यावर पट्टी काढावयाची राहून गेली. छिद्रे बुजली आणि उपकरणे आंधळी झाली.

या घटनेतील एक बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. गोंधळलेल्या वैमानिकांनी जमिनीवरील नियंत्रकाला आपली उंची विचारली. त्याने पडद्यावर पाहून सुमारे 9,700 फूट असे सांगितले. वैमानिकांना हा स्वतंत्र पुरावा वाटला. वास्तविक तो आकडा त्यांच्याच विमानातील बिघडलेल्या यंत्रणेकडून नियंत्रकाच्या पडद्यावर गेलेला होता. एकाच चुकीच्या उगमातून आलेल्या दोन साक्षी या दोन साक्षी नव्हेत. ऐकले म्हणून वा वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना केलेली देशना येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पट्टी काढावयास विसरलेल्या कामगाराला पुढे न्यायालयाने दोषी ठरविले. त्याची चूक होतीच. परंतु ते काम तपासणे ही त्याच्या वरिष्ठांची जबाबदारी होती आणि उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून पाहणे हे वैमानिकाचे कर्तव्य होते. चंदेरी धातूवरील चंदेरी पट्टी रात्रीच्या उजेडात कोणालाच दिसली नाही. शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या माथी सारा दोष मारणे ही आपल्या समाजाच्या चांगलीच परिचयाची रीत आहे. कामगारांची सुरक्षितता व सन्मान हा राज्याच्या कर्तव्याचा विषय आहे, हे 1942 ते 1946 या काळात मजूर खात्याचा कारभार पाहताना बाबासाहेबांनी कृतीने दाखवून दिले. त्या दृष्टीने पाहिल्यास खरा प्रश्न असा की, माणूस विसरणारच हे गृहीत धरून व्यवस्था का उभारली नव्हती?

अशी व्यवस्था कशी असते, याचे उत्तर आधीच्या इतिहासातच होते. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतील डेटन येथे बोइंगचे चार इंजिनांचे नवे लष्करी विमान उडताच कोसळले आणि दोघांचा मृत्यू झाला. विमान उभे असताना शेपटीकडील हलती पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली अटक काढावयाची राहिली होती. चालविणारा वैमानिक अत्यंत अनुभवी होता. या अपघातानंतर लष्कराने उड्डाणापूर्वी करावयाच्या कामांची लेखी यादी तयार केली. स्मरणशक्तीवर विसंबू नये, यादी वाचून एकेक गोष्ट तपासावी, ही शिस्त पुढे जगभर रूढ झाली. छिद्रांवरील आवरण भडक रंगाचे असावे, ते लावल्याची नोंद व्हावी आणि काढल्याची खात्री दुसऱ्या व्यक्तीने करावी, हे नियमही याच विचारातून आलेले आहेत.

धम्मात या वृत्तीला अप्रमाद म्हणतात. धम्मपदाचा दुसरा वर्गच ‘अप्पमादवग्ग’ आहे. अप्रमाद म्हणजे भीती नव्हे. जागेपणाने केलेले नित्याचे काम होय. निवासी विद्यालयात रात्री गॅसची शेगडी बंद आहे का, पाण्याच्या टाकीचे झाकण लावले आहे का, मुलांची हजेरी पूर्ण आहे का, हे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम वैमानिकाच्या फेरीइतकेच मोलाचे आहे. त्याच्या हाती लेखी यादी द्यावी, त्याच्यामागे दुसरी नजर ठेवावी, आणि ‘सर, हे राहिले आहे’ असे सर्वांत लहान विद्यार्थ्यालाही मुख्याध्यापकांना निर्भयपणे सांगता यावे. जेथे लहानाला बोलता येते, तेथेच चूक वेळेवर सापडते. समतेचा हाही एक अर्थ आहे, असे आम्हास वाटते.