शिंदखेड्याहून पालच्या रानाकडे

माझ्या लहानपणी शिंदखेड्यातील एका किराणा दुकानात जुने कॅलेंडर टांगलेले असे. त्यावरच्या चित्रात एका प्रचंड झाडाच्या बुंध्याला बोगदा पाडलेला होता आणि त्या बोगद्यातून एक मोटार आरपार चालली होती. आम्हां मुलांना ते चित्र साफ खोटे वाटे. बुराई नदीच्या काठचे निंब आणि बाभळी एवढाच आमचा झाडांचा अनुभव. त्यांच्या बुंध्यातून मोटार तर सोडाच, मांजरही जाणार नाही!

चित्र मात्र खरे होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटीच्या रानात असे एक झाड होते. १८८१ साली त्याच्या बुंध्यातून रस्ता काढला गेला, आणि १९६९ साली बर्फाच्या भाराने ते कोसळले. हे झाड जायंट सिकोया जातीचे. याचेच भावंड म्हणजे समुद्रकाठचा रेडवुड. सिकोया जाडीत मोठा, तर रेडवुड उंचीत. जगातील आज ज्ञात असलेला सर्वांत उंच वृक्ष रेडवुडच आहे. तो २००६ साली सापडला आणि त्याची उंची सुमारे ११६ मीटर भरली. कुतुबमिनारच्या डोक्यावर दहा-बारा मजली इमारत उभी करा, म्हणजे अंदाज येईल.

या रेडवुडच्या रानातून पन्नासेक किलोमीटरचा एक जुना रस्ता ईल नदीच्या कडेने जातो. रस्त्यावर लहान लहान गावे लागतात. जवळचे स्कोशिया हे गाव तर एका लाकूड कंपनीनेच वसविले. लोक मुद्दाम मोटारी काढून हा रस्ता पाहावयास जातात. मान मोडेपर्यंत वर पाहतात, छायाचित्रे घेतात आणि परततात. पण त्या रस्त्यावर विचारण्याजोगा खरा प्रश्न वेगळाच आहे. तेथे उन्हाळाभर पाऊस पडत नाही. मग एवढी झाडे पाणी पितात कोठून?

उत्तर आहे धुक्यात. थंड समुद्रावरून उन्हाळ्यात दाट धुके किनाऱ्यावर येते. रेडवुडची बारीक पाने ते जणू फणीने विंचरून घेतात. थेंब जमतात, खाली टपकतात आणि मुळांशी मुरतात. टॉड डॉसन या शास्त्रज्ञाने याची मोजमापे करून १९९८ साली प्रसिद्ध केली. रानात वर्षभरात पोचणाऱ्या एकूण पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी झाडांवरून टपकलेल्या धुक्याचे निघाले. त्याहून महत्त्वाचा दुसरा आकडा. झाडे नसलेल्या जागी धुक्याचा वाटा केवळ १७ टक्के होता. धुके तेच, समुद्र तोच. विंचरणारी फणी नाहीशी झाली आणि धुक्याचा वाटा निम्म्यावर आला.

हा आकडा मनात ठेवून आता आपण आपल्याच एका रस्त्याने जाऊ. शिंदखेडा, नरडाणा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, खिरोदा आणि पाल. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालेली शाळेची सहल दुपारपर्यंत पालला पोचते. प्रश्न तोच ठेवायचा: येथील झाडे पाणी पितात कोठून?

शिंदखेडा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि तोही थोड्याच दिवसांत उरकतो. गाव सोडले की लांबच लांब, अरुंद, सरळ रेषेत गेलेल्या टेकड्या दिसू लागतात. कोणी राक्षसाने शेताला बांध घालावा तशा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, तेव्हा जमिनीला लांब भेगा पडल्या होत्या. त्या भेगांत थिजलेला लाव्हा म्हणजे या भिंती. भूविज्ञानात त्यांना भित्ती किंवा डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात अशा दोनशेहून अधिक भित्ती नोंदल्या गेल्या आहेत. त्या जमिनीच्या वर दिसतात तशाच खालीही असतात. त्यामुळे कित्येक ठिकाणी भूगर्भातील पाणी त्यांच्यापाशी अडते. भित्तीच्या वरच्या अंगाची विहीर मार्चपर्यंत टिकते, तर पलीकडची दिवाळीलाच तळ दाखविते. भाऊबंदांच्या भांडणांत एकाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्याच्या नाही, याचे खापर पुष्कळदा नशिबावर फुटते. कधी कधी ते या भिंतीवर फोडावयास हवे!

नरडाण्याहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागले की सावळद्याच्या पुलावर तापी लागते. येथे गाडी थांबवून काठाकडे नीट पाहावे. दक्षिणेकडे आपण काळ्या बेसाल्ट खडकावरून आलो. पुढे उत्तर तीरावर पिवळसर गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. तापीच्या या खोऱ्यात जमिनीचा एक पट्टा मोठ्या भंगांच्या बाजूने खचला आणि लक्षावधी वर्षे नद्या त्यात गाळ भरत राहिल्या. चोपडा-यावलच्या बाजूला तर हा गाळ शेकडो फूट खोल आहे.

शिरपूरला एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जमिनीत पाणी साठवायला एवढी जागा असूनही येथल्या विहिरी आटत होत्या. कारण गाळात मध्ये मध्ये चिकणमातीचे थर आहेत आणि ते पाणी खाली जाऊ देत नाहीत. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करून, हे थर भेदून, पाणी खाली उतरविण्याचे काम केले. या कामावर वादही झाले. नाला किती खोदावा, खालच्या गावाच्या पाण्याचे काय, असे प्रश्न निघाले आणि ते रास्तच होते. मात्र खडक-मातीचा थर ओळखल्यावाचून पाणी मुरविता येत नाही, एवढे तेथे डोळ्यांनी दिसते.

शिरपूरहून पूर्वेस वळले की खरा प्रवास सुरू होतो. डाव्या हाताला सातपुडा सतत सोबत करतो. सकाळी तो निळा, दुपारी तपकिरी. अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा सरतो आणि चोपडा तालुका लागतो. अडावदच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. मघाशी ज्या भंगांचा उल्लेख केला, त्यांच्या वाटेने खोल गेलेले पाणी तापून तेथे वर येते.

आता झाडांकडे वळू. सातपुड्याच्या या कोरड्या, दगडाळ उतारांवर साग आहे, सालई आहे, पांढऱ्या बुंध्याची कढई आहे. पण या मुलुखाचे खास झाड म्हणायचे तर अंजन. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. पान ओळखायला सोपे. आपट्याचे पान मधोमध फाडून दोन तुकडे देठापाशी जोडावे, तसे दिसते. कोवळी पालवी तांबूस असते. पंचवीस-तीस मीटर उंच वाढणारे हे झाड, म्हणजे रेडवुडच्या मानाने बुटकेच. पण त्याचे लाकूड भारतातील सर्वांत जड लाकडांत मोडते. सुकलेला तुकडाही पाण्यात टाकला तर बहुधा तळाशी जाऊन बसतो.

या जडपणामागे पाण्याचीच कथा आहे. झाडात पाणी वर चढते ते पंपाने ढकलून नव्हे. पानांतून बाष्प निघून जाते आणि वाहिन्यांमधील पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. धागा जितका लांब किंवा जमीन जितकी कोरडी, तितका ताण अधिक. ताण फार वाढला तर वाहिनीत हवेचा बुडबुडा होऊन धागा तुटतो. रेडवुडला हा ताण उंचीमुळे सोसावा लागतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार म्हणूनच त्याला १२२ ते १३० मीटरच्या पलीकडे जाता येणार नाही. शेंड्याकडची त्याची पाने खुरटी असतात तीही याच कारणाने. अंजनाला तोच ताण कोरड्या जमिनीमुळे सोसावा लागतो. साधारणपणे दुष्काळी भागांतील झाडांच्या लाकडात जाड भिंतींच्या पेशी दाटीने असतात आणि ताणाखाली ते टिकाव धरते. जड लाकूड हा अशा प्रकारे तहानेचा पुरावा आहे.

धुके नाही, पाऊस तुटपुंजा, तर अंजन पितो कोठून? खालून. बी रुजल्यावर त्याची पहिली घाई मुळाची असते. सोटमूळ खडकाच्या फटींतून खोल जाते आणि वरचा कोंब मात्र बराच काळ जमिनीलगत रेंगाळतो. या खोडीमुळे रोपवाटिकेत हे झाड अवघड जाते. पिशवीत मूळ वेटोळे घेते, आणि उपटून लावावे तर मूळच तुटते. म्हणून बी जागेवरच पेरणे बरे. त्यात बीही दर वर्षी भरपूर धरत नाही. गुरांना पाला आवडतो, त्यामुळे फांद्या छाटल्या जातात. एकदा गेलेले अंजनाचे रान चटकन परत येत नाही ते यामुळे.

यावल सोडून फैजपूरकडे निघालो की दोन्ही बाजूंना केळी लागते. मैलोगणती केळी. (फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, हे इतिहासाच्या तासाला आठवेल. आणि हिवाळ्यात गेलात तर जवळच्या बामणोदच्या वांग्यांचे भरीत व कळण्याची भाकरी चुकवू नये. विज्ञानाला त्याची बाधा होत नाही.) केळीला पाणी फार लागते. हे पाणी येते कूपनलिकांतून, आणि कूपनलिकांत येते ते मुख्यतः डोंगराच्या पायथ्याकडून. तेथे सातपुड्यातून उतरलेल्या ओढ्यांनी गोटे आणि जाड वाळू यांचा एक पट्टा पसरून ठेवला आहे. त्याला बझाडा म्हणतात. मोर, सुकी यांसारख्या नद्या या पट्ट्यात आल्या की त्यांचे पाणी चाळणीतून जावे तसे खाली उतरते आणि गाळाच्या थरांतून दक्षिणेकडे सरकते. यावल आणि रावेर हे तालुके उपसा पुनर्भरणाहून अधिक असणाऱ्या तालुक्यांत गणले गेले आहेत. विंधनविहिरी दरसाल खोल चालल्या आहेत.

येथे एका गोड गैरसमजापासून सावध राहावयास हवे. 'झाडे लावा, पाऊस आणा' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. झाड स्वतःही पाणी पिते आणि बाष्परूपाने पुष्कळसे हवेत सोडून देते. एखाद्या डोंगरावर रान असल्याने तेथे पाऊस वाढेलच असे नाही. रानाचे काम निराळे आहे. पालापाचोळा थेंबाचा मार झेलतो, मुळे मातीत वाटा करतात आणि ओढ्याला पाणी उशिरा व गढूळपणा टाकून मिळते. उतार उघडा पडला की पहिल्याच सरीला तांबडा लोंढा येतो. त्यातील बारीक माती बझाड्याच्या गोट्यांमधील फटींत जाऊन बसते आणि चाळणी बुजते. पाऊस तेवढाच पडतो, पण केळीच्या विहिरीत पोचत नाही. रेडवुडच्या रानात फणी गेली. येथे चाळणी जाते.

सगळीच झाडे या कामी सारखी नव्हेत. सागाचेच पाहा. पान एवढे रुंद की त्यावर पावसाचे पाणी जमून टपोरे थेंब पडतात. खाली पाचोळा आणि झुडपे नसतील, पाचोळा जाळून टाकला असेल, तर हे थेंब उघड्या पावसापेक्षाही अधिक माती उखडतात. नुसत्या सागाच्या रांगा लावून रान होत नाही ते याचसाठी.

खिरोद्यावरून रस्ता डोंगरात चढतो. वळणावळणाने वर जाताना मागे केळीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे तापीचे खोरे दिसत राहते. पाल हे सुकी नदीच्या खोऱ्यातील गाव. भोवतालचे रान म्हणजे १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. पावरा आणि तडवी भिल्ल समाजाची माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गेल्या काही दशकांत या रानाच्या काही भागांत शेतीसाठी बरीच तोड झाली. रानात राहणाऱ्याला पोटापुरते शेत हवे आणि खाली केळीवाल्याला पाणी हवे. दोघांचा व्यवहार एकाच उतारावर अडला आहे, आणि दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते.

सहलीत करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एक किलो तुपाचा किंवा रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्याचे झाकण व तळ दोन्ही कापून काढा. कडा हाताला लागणार नाहीत अशा ठोकून घ्या. पालच्या रस्त्याकडेला, पाचोळा असलेल्या झाडाखाली, पाचोळा थोडा बाजूला सारून डबा चार बोटे जमिनीत दाबा. त्यात मापून अर्धा लिटर पाणी ओता आणि मुरू द्या. मग पुन्हा तेवढेच पाणी ओतून, ते संपूर्ण मुरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर पाहा. पहिल्या वेळेचा आकडा धरू नका, कारण कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखे पिते. आता जवळच, तशाच मातीची पण गुरांनी तुडविलेली उघडी जागा शोधून तोच प्रयोग करा. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन जागा घ्या आणि सरासरी काढा. परत येताना सावळद्याच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर, आणि शेवटी शिंदखेड्यात शाळेच्या मैदानावर हेच करा. जागा, मातीचा रंग, वरची झाडे आणि लागलेला वेळ वहीत लिहा. सागाखाली व अंजनाखाली वेगवेगळी मापे घ्यायला विसरू नका. पाणी सोबत न्या; उन्हाळ्यात सुकीच्या पात्रात ते मिळेलच असे नाही.