तापत्या पाण्यातील मासे : उष्णता सोसण्याचा आनुवंशिक गुण आणि त्याची मर्यादा

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. भोवतालच्या पाण्याचे जे तापमान, जवळजवळ तेच त्याच्या शरीराचे तापमान असते. पाणी तापले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि प्राणवायूची गरज वाढते. परंतु तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २५ अंशांच्या पाण्यात फक्त ८.३ मिलिग्रॅम. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, अशा दुहेरी कोंडीत मासा सापडतो. ही कोंडी सोसण्याची ताकद सर्व माशांत सारखी नसते. तो फरक कशामुळे पडतो आणि पुढील पिढीत तो कितपत उतरतो, हे प्रश्न आज अनेक जातींच्या अस्तित्वाशी निगडित झाले आहेत.

कॅनडातील फ्रेझर नदीचा सॉकाय सॅमन हे याचे चांगले उदाहरण होय. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मस्थानी परत येतो. नदीत शिरल्यावर तो काही खात नाही. अंगातील चरबीवर प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो. १९५० च्या दशकापासून या नदीचे उन्हाळ्यातील तापमान सुमारे २ अंशांनी वाढले आहे. पाणी १८ अंशांच्या वर गेले की सॉकायला पोहणे जड जाऊ लागते. इतरही अनेक कारणांची भर पडून २०२० साली फ्रेझरमध्ये परतलेल्या सॉकायची संख्या ३ लाखांहूनही कमी भरली. येथील अनेक समूहांची गणना आता संकटग्रस्तांत होते.

सर्व सॉकाय एकाच जातीचे असले तरी प्रत्येक समूह आपापल्या उपनदीकडे परततो. त्यामुळे समूहांचे आपसांत मिश्रण फारसे होत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, ज्या समूहांचा प्रवास अधिक खडतर, त्यांची हृदये तुलनेने मोठी असून हृदयाच्या स्नायूंना होणारा रक्तपुरवठाही अधिक चांगला असतो. चिल्को सरोवराकडे जाणारा समूह सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर चढून जातो. पोहण्याची त्याची सर्वोत्तम क्षमता १६.८ अंशांच्या आसपास दिसली आणि तापमानाच्या बऱ्याच विस्तृत पल्ल्यात ती टिकून राहिली. समुद्राजवळच अंडी घालणाऱ्या वीव्हर समूहाची क्षमता मात्र उष्ण पाण्यात लवकर ढासळते. थोडक्यात, उष्णतेची बाजी बहुधा हृदयापाशी जिंकली किंवा हरली जाते.

येथे एक शंका येते. हा गुण जन्मजात, की सवयीने अंगी बाणलेला? कोमट पाण्यात काही आठवडे राहिलेला मासा थोडी अधिक उष्णता सोसू लागतो. त्याच्या पेशींत ‘हीट शॉक’ नावाची प्रथिने वाढतात आणि बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरून धरतात. ही झाली सवय. सवय आणि वारसा वेगळे काढण्यासाठी वेगवेगळ्या समूहांची पिले एकाच ठिकाणी, एकाच तापमानात वाढवावी लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रेझरच्या नऊ समूहांची अंडी १०, १४ आणि १६ अंशांत उबवण्यात आली. परिस्थिती सारखी असूनही जगण्याचे प्रमाण समूहागणिक वेगळे आले. म्हणजे या फरकाचा काही भाग वारशाने आलेला असतो.

मात्र वारसा असला म्हणजे उत्क्रांती वेगाने होईलच असे नाही. उष्णता सोसण्याचा गुण कोणा एका जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांवर अवलंबून असतो. पश्चिम बंगालमधून नेलेल्या झेब्रा माशांवर नॉर्वेतील प्रयोगशाळेत सहा पिढ्या निवड करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वीस हजारांहून अधिक मासे तपासले गेले. तरीही उष्णतेची कमाल मर्यादा दर पिढीमागे सरासरी ०.०४ अंशानेच वर सरकली. सॉकायच्याच कुळातील चिनूक सॅमनवर कॅनडात झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाची कमाल मर्यादा सुमारे २४.५ अंशांपाशीच थांबलेली दिसली.

म्हणून समूहांची विविधता हीच खरी पुंजी ठरते. एखादा समूह नाहीसा झाला की पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जुळून आलेला जनुकांचा संच त्याच्याबरोबर जातो. परक्या नदीतील बीज सोडून हे नुकसान भरून येत नाही. उलट स्थानिक वारसा त्यात मिसळून जाण्याचा धोका असतो. हा धोका दख्खनलाही अनोळखी नाही. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला महसीर पूर्वी कावेरीत सोडण्यात आला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि बाहेरून आलेला हा महसीर त्याच्यापुढील संकटांपैकी एक मानला जातो.

यातून संवर्धनाचा क्रम स्पष्ट होतो. काठावरची झाडे राखून पाण्यावर सावली ठेवणे, उन्हाळ्यात नदीचा प्रवाह अडवून न धरणे, थंड झऱ्यांच्या जागा जपणे आणि प्रत्येक समूहाचे बीज त्याच्याच पाण्यात राखणे, हे उपाय आधी येतात. जनुकांचे ज्ञान कोणत्या समूहाला आधी मदत हवी ते सांगू शकते. पाणी थंड ठेवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागेल.