खुणांची भाषा

हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे: हे शीर्षक, येथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. जुळाऱ्यास त्यावरून मजकुराची मांडणी कळे. संगणकावरील पानांसाठी हेच कार्य ‘एचटीएमएल’ ही खूणभाषा करते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेत विश्वव्यापी जालाची कल्पना मांडली व पुढे त्यासाठी ही भाषा रचली.

ती शिकण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. आमच्या परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या या जुन्या वस्तीत, आज इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्लेक्स उभे आहे. पण खूणभाषेचे पाठ घरबसल्या आणि विनामूल्य मिळतात. आम्ही कलाशाखेचे असूनही ‘डब्ल्यू-थ्री स्कूल्स’वरील पाठांपासून आरंभ केला.

प्रत्येक खूण कोनाकृती कंसात लिहितात. बहुतेक खुणा जोडीने येतात: एक आरंभाची, दुसरी तिरपी रेघ असलेली समाप्तीची. पाठातील नमुना उतरवून काढणे सोपे. परंतु त्याने समज येत नाही. निबंधातील चुकीखाली शिक्षक लाल रेघ ओढतात. पान दाखविणारा ब्राउझर मात्र मौन पाळतो. ठळक अक्षरांची समाप्ती-खूण राहिली, तर पुढील सारा मजकूर ठळक होतो. चूक कोठे आहे, हे तो सांगत नाही. म्हणून नमुन्यातील एकेक खूण मुद्दाम काढावी आणि काय बिघडते ते पाहावे. खरे शिक्षण येथेच होते.

इंग्रजी पाठांत एक गोष्ट सहसा ठसविली जात नाही. नमुना-पानाच्या प्रारंभी बहुधा ‘भाषा इंग्रजी’ अशी खूण असते. ती तशीच ठेवली, तर आपले मराठी पान यंत्राच्या लेखी इंग्रजी ठरते. मराठी, हिंदी व आमची कोंकणी या तिन्ही देवनागरीत लिहितात. केवळ लिपीवरून भाषेची ओळख पटत नाही. तेथे ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली, म्हणजे अंधांसाठी पान वाचून दाखविणारे यंत्र मराठी उच्चार निवडू शकते. काही टंकांत ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. ‘यूटीएफ-८’ ही लिपिसंकेताची खूणही विसरू नये. ती नसल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसण्याचा संभव असतो.

विद्यार्थिमित्रहो, इंदुरात चहूकडे हिंदी असताना आपल्या घरांत मराठी टिकून आहे. आजीकडून ऐकलेली एखादी गोष्ट मराठीत लिहा, तिला या खुणा द्या, आणि पहिल्याच ओळीत तिची भाषा कोणती ते यंत्रास स्पष्ट सांगा.