जेडचं कवच आणि कोळशाची शहाणीव

१९६८ साली चीनच्या हबेई प्रांतात, मानचंग इथल्या डोंगरात लष्कराचे जवान खोदकाम करत असताना खडकात कोरलेलं एक थडगं उघडं पडलं. ते हान घराण्यातल्या ल्यू शंग या राजाचं. तो इ.स.पू. ११३ मध्ये वारला. डोक्यापासून पायापर्यंत त्याला जेडच्या २,४९८ तुकड्यांचं कवच घातलं होतं आणि तुकडे शिवायला सुमारे १,१०० ग्रॅम सोन्याची तार लागली होती. राणी तौ वानलाही शेजारच्या थडग्यात असंच कवच मिळालं.

हे जेड म्हणजे नेफ्राइट. त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यातल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून घाव घातला तरी दगड सहजी फुटत नाही. छिन्नीचं इथे कामच नाही. ओली वाळू घालायची आणि घासत राहायचं. ल्यांगजू संस्कृतीच्या कारागिरांनी जवळपास पाच हजार वर्षांपूर्वी, धातूची हत्यारं नसताना, मधोमध भोक असलेल्या ‘बी’ चकत्या आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल ‘त्सोंग’ घडवले नि मानाच्या मृतांसोबत पुरले. हान काळातल्या तुकड्यांना तर तार ओवायला कोपऱ्या-कोपऱ्यांत भोकं पाडायची होती. त्या चिकाटीपुढे राजाचं वैभव फिकं वाटतं.

एवढा खटाटोप कशाला? जेड देहाला कुजू देत नाही, अशी श्रद्धा होती. नाका-कानांतही जेडच्या गुट्ट्या घालत, जिभेवर जेडचा सिकाडा ठेवत. हा कीटक जमिनीतून वर येऊन कात टाकतो ना!

ल्यू शंगचा देह मात्र मातीला मिळाला. कुजवणारे जिवाणू आपल्या आतड्यांतच असतात. त्यांना बाहेरून दगड लावून काय होणार? शिवाय तुकड्यांच्या फटींतून हवा-पाणी आत जातंच.

उलट १९७२ मध्ये चांगशाजवळ मावांगत्वीला सापडलेल्या शिन चुई या उमराव स्त्रीच्या अंगावर जेडचं कवच नव्हतं. ती ल्यू शंगच्याही आधी गेलेली. तरी तिची त्वचा मऊ होती, सांधे वाकत होते, पोटात खरबुजाच्या बिया होत्या. तिच्या एकात एक चार शवपेट्यांभोवती कोळशाचा थर होता आणि त्यावर चिकट पांढरी माती चोपलेली होती. कोळशाने ओल शोषली, मातीने हवा अडवली.

थडगी लुटणाऱ्यांना कवचातलं सोनं तेवढं हवं होतं. ते कवचं जाळून तार काढत. इ.स. २२२ मध्ये वेई सम्राट त्साओ फी याने हेच कारण देऊन आपल्या दफनात असं कवच नको, अशी आज्ञा दिली. हान काळानंतरचं एकही जेडचं कवच आजवर सापडलेलं नाही.